न केलेली तार

यजमान गेल्यानंतरच्या दिवसांत एका दुपारी दोन गृहस्थ भेटायला आले होते. दोघेही कधीतरी ह्यांच्याबरोबर यात्रेला गेलेले. चहा झाला, आठवणी झाल्या, आणि मग एकजण म्हणाले, "बी. ए. झालेला माणूस, पण आयुष्य यात्रा कंपनीत काढलं. डिग्री वायाच गेली म्हणायची." दुसरे म्हणाले, "डिग्रीचं काय घेऊन बसलात? त्यांचा अनुभव होता म्हणून आम्ही बद्रीनाथहून धड परत आलो." दोघांचं बराच वेळ चाललं. दोघांनाही थांबवावंसं मला वाटत होतं, पण काय सांगायचं ते जुळेना. ते गेल्यावरही जुळलं नाही.

तेव्हापासून थोडं थोडं लिहिते आहे. दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाते, परत येते. घरात येरझाऱ्या घालायचं काम ह्यांचं होतं. मी एका जागी बसून वाचणारी. आता पुस्तक उघडलं की पानभर वाचून होतं आणि काय वाचलं ते सांगता येत नाही.

त्या वर्षांत आमचं बिऱ्हाड फणसवाडीत होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे. हे ठाकुरद्वारजवळच्या एका यात्रा कंपनीत होते. कंपनी म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, एक बाक, भिंतीवर रेल्वेचा नकाशा आणि मागच्या अंधारात एकात एक घातलेली पितळी पातेली. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गिरगाव, दादर, परळची कुटुंबं घेऊन ते काशी, मथुरा, रामेश्वर करत. बरोबर कंपनीचा आचारी, तांदळाची पोती, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या. अशा एकत्र निघालेल्या गटाला सगळे 'पार्टी' म्हणत, आणि हे त्या पार्टीचे मॅनेजर. धर्मशाळेतली खोली, टांगे, पहाटेचं गरम पाणी, कोणाचा उपास, कोणाचं पथ्य, सगळं ह्यांनी बघायचं.

शाळेला सुट्टी लागली की माझ्या मैत्रिणी माथेरानला नाहीतर आपापल्या गावाला जात. मला सुट्टी लागली की हे जात. लग्नानंतरची एकही दिवाळी, एकही मे महिना आम्ही एका घरात काढला नव्हता. लोकांच्या सुट्टीवर आमचं घर चालत होतं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हाही प्रश्नच होता.

मार्ग एकच दिसत होता. सरकारच्या पर्यटन खात्यात माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागा निघत. काम ह्यांना तोंडपाठ असलेलंच, पण अट बी. ए. ची. कॉलेजच्या टर्म्स ह्यांनी भरलेल्या होत्या. वडील गेले, नोकरी धरली आणि परीक्षा तेवढी राहिली. पुढे दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा ऐनवेळी पार्टीबरोबर गेले.

"डिग्री घेऊन मी वेगळा काय होणार आहे?" हे विचारत. "गयेचा पंडा मला मार्कशीट मागत नाही."

"वेगळे नका होऊ. घरी असाल."

"घरी बसून काय करू?"

"बाकीचे नवरे काय करतात?"

"पेपर वाचतात आणि बायकोला भाजी कशी चिरायची ते सांगतात."

"तेवढं चालेल मला," मी म्हणत असे, आणि ते मी अगदी मनापासून म्हणत असे.

द्विभाषिक राज्याच्या त्या दिवसांत तिसऱ्यांदा फॉर्म भरला. या वेळी मी शाळेतून आल्यावर रोज त्यांना बसवत होते. खाली वाडीत पोरं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत फिरायची, शेजारी सभेहून येऊन भाषणं जशीच्या तशी म्हणून दाखवायचे, आणि मधल्या खोलीत मी ह्यांना फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारत असे. कारणं सांगता सांगता हे उठून खिडकीशी जात. मी म्हणे, "बसून सांगा." बसले की पाचवं कारण आठवत नसे, उभे राहिले की आठवे.

परीक्षा सुरू झाली. पेपर बरे गेले. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी शहरात हरताळ जाहीर झाला, ट्राम-बस बंद, आणि तो पेपर पुढे ढकलल्याचं कळलं. नवी तारीख आली ती दिवाळीच्या सुट्टीतली ओंकारेश्वर-उज्जैनची पार्टी निघाल्यानंतरची.

हे संध्याकाळी घरी आले आणि कोट न काढताच म्हणाले, "परीक्षा राहिली."

कंपनीत दुसरे मॅनेजर होते, ते रामेश्वरच्या पार्टीबरोबर आधीच गेले होते. मालक वृद्ध, पायानं अधू. पार्टी रद्द करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. सगळं खरं होतं. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले आणि सकाळी शाळेत जायच्या आधी ठाकुरद्वारला जाऊन मालकांना म्हणाले, "शाळेला सुट्टी लागते आहे. उज्जैनपर्यंत पार्टी मी नेते. पेपर देऊन हे दुसऱ्या दिवशी निघतील आणि उज्जैनला आम्हाला गाठतील."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, हा वर्ग घेण्याचा प्रकार नाही."

"आचारी बरोबर आहे ना?"

"आचारी आहे म्हणून तर सगळं चालतं," मालक म्हणाले. थोडा वेळ नकाशाकडे बघत बसले आणि म्हणाले, "खांडव्याला गाडी बदलताना माणसं मोजा. बाकी देव बघेल."

हे मला सोडायला बोरीबंदरला आले. सूचना देत होते आणि मध्येच थांबत होते. गाडी हलली तेव्हा डब्याबरोबर थोडं चाललेसुद्धा. पार्टी निघाली आणि आपण फलाटावर, हे त्यांच्या पायांना कळत नसावं.

पार्टीत बहुतेक गिरगाव-दादरची कुटुंबं होती. एकटे असे एकच, लालबागचे एक आजोबा. मूळचे मालवणकडचे, जन्मभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करून निवृत्त झालेले. डोक्यावर काळी टोपी, हातात एक पिशवी. बायको वारली होती आणि नर्मदा बघायची तिची इच्छा राहिली होती, म्हणून निघालेले. माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि मी मॅनेजरच्या जागी का आले ते त्यांनी थोड्या वेळात काढून घेतलं.

"बरा केलात," ते म्हणाले. "घोव शिकाकच होयो." घोव म्हणजे नवरा.

बाजूला गिरगावातले एक बँकेतले गृहस्थ होते. ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही असं म्हणता? गिरणीतला तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे?"

"अनुभव खंयचो? सगळो जल्म एकच काम केलंय. ती सवय झाली." आजोबांनी हात झटकला. "माझो झील बी. ए. झालो. तेका कोण इचारूक नाय, तुका काय येता म्हणान. खुर्चेर बसलो."

बी. ए. मुलाच्या खुर्चीवर डबा हसला. मीही हसले. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला, कारण तो माझ्या बाजूने बोलत होता.

खांडव्याला सकाळी मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचं होतं. मध्ये पूल, सामान, मुलं, कोणाची सुरई, कोणाची वळकटी. आचारी हमालांबरोबर पातेली घेऊन पुढे गेलेला. सगळे चढले असं वाटल्यावर मी खिडक्यांपुढून जात शाळेत घेते तशी हजेरी घेतली. कुटुंबप्रमुखाचं नाव, मग 'सगळे आलात?' प्रत्येकाने हो म्हटलं. शेवटी मी लालबागच्या आजोबांना हाक मारली.

दादरच्या एक काकू खिडकीतून म्हणाल्या, "आलेत हो, मघाशीच चढले. काळी टोपी ना? पुढच्या डब्यात."

वर्गात एका मुलीने दुसरीच्या नावाला 'हजर' म्हटलं तर माझ्या कानाला ताबडतोब कळत असे, आणि मी तिला उभी करत असे. पण तिथे वर्ग नव्हता. चाळीत खालून कोणी हाक मारली की ज्याला मारली तोच ओ देतो असं थोडंच असतं? जो गॅलरीत असेल तो सांगतो, 'आहेत, आहेत, नळावर गेलेत.' आपलं सगळं आयुष्य त्या भरवशावर चालतं. काकूंचा आवाज तोच होता, चाळीतला, मदतीचा. मी मान हलवली आणि चढले. गाडी सुटली.

ओंकारेश्वर रोडला उतरल्यावर आजोबा नाहीत. पुढच्या डब्यातली काळी टोपी इंदूरच्या एका व्यापाऱ्याची निघाली.

"मी आपलं म्हटलं, तुम्हाला कशाला खोळंबवायचं," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

बँकेतले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आजोबांना परराज्यात ठेवून आलो आपण. आता सीमा ठरवायला कमिशन नेमा." त्यांच्या मागून कोणीतरी, मला ऐकू जाईल इतक्या हळू, "कंपनीने पाटी बदलावी. यात्रा कंपनी नव्हे, कन्याशाळा," असं म्हणालं.

मी स्टेशनमास्तरकडे गेले. त्यांनी खांडव्याला विचारायचं कबूल केलं, पण उत्तर केव्हा येईल ते सांगता येणार नाही म्हणाले. आचारी माझ्या पाठोपाठ आला होता. कोकणातला, ह्यांच्यापेक्षा वयाने मोठा, पण ह्यांना 'दादा'च म्हणायचा.

"वहिनी, दादांना तार करा," तो म्हणाला. "इथेच खिडकी आहे. ते रातची गाडी पकडतील."

"उद्या त्यांचा पेपर आहे."

"पेपर काय, परत येतो."

"तो तिसऱ्यांदा परत आलाय."

 मी तारेच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे एक माणूस होता, त्याचं काम झालं, तो बाजूला झाला. आतल्या बाबूने माझ्याकडे बघितलं. मला एवढं पक्कं माहीत होतं की तार पोचली तर हे त्याच पावली निघतील. पुस्तक उघडंच राहील. आणि मग परीक्षेचा विषय आमच्या घरात पुन्हा निघणार नाही. पुढच्या सगळ्या सुट्ट्या मला त्या खिडकीत दिसत होत्या. पण एक म्हातारा माणूस परमुलखात, हिंदी न येणारा, एकटा, हेही दिसत होतं. तो कुठे बाहेर पडला असेल? चक्कर येऊन पडला असेल? बाबूने हिंदीत विचारलं, "बाईजी, तार?" मी "नहीं" म्हणाले आणि बाजूला झाले. 

आचाऱ्याला म्हणाले, "परतीची गाडी धरून तुम्ही खांडव्याला जा. ते तुम्हाला ओळखतात."

"आणि जेवण?"

"जेवणाचं मी बघते."

पार्टीला चाळीस मैलांवर ठेवून स्वयंपाक्याला परत धाडणारा मॅनेजर त्या कंपनीत पूर्वी झाला नसेल. धर्मशाळेच्या अंगणात चुलीपुढे बसले आणि कळलं की एवढ्या लोकांचा भात मी आयुष्यात कधी टाकला नव्हता. पातेल्यात पाणी किती घालायचं या विचारात होते तेवढ्यात दादरच्या काकू आल्या, माझ्या हातातलं तपेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सरका. इथे डिग्री चालत नाही." मग एकेक करत बायका आल्या. पैसे भरून यात्रेला आलेल्या बायका, चुलीपासून सुटका म्हणून आलेल्या, बटाटे सोलायला बसल्या. कुरकुर चाललीच होती. "दिवाळीत घरी रांधायचं तर घरीच नसतं का राहिलो?" पण हात थांबले नाहीत. मी वाटपाकडे बघत होते आणि पाच-पाच मिनिटांनी फाटकापाशी जात होते. नर्मदा तिथून दिसते. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी टांगा आला. आचारी पुढे उतरला, मागून काळी टोपी. 

"कुठे होतात, आजोबा?" बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं.

"खंय असतलंय? बाकार बसलंय. पाणी भरूक गेलंय, येतंय तर गाडी गेली. म्हटलां, माणूस येतलोच." मग त्यांनी आचाऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं येताना यात्रेत मासळी नाय म्हणान वरणाचीच गोष्ट केली सगळ्या वाटेर." आणि काकूंना म्हणाले, "बाये, जेवण उरलां हा मा?"

काकू रडायला लागल्या आणि वाढायलाही लागल्या.

ठरल्याप्रमाणे हे उज्जैनला आले. पेपर चांगला गेला होता. ते फलाटावर उतरले आणि पार्टीतल्या चार जणांनी चार बाजूंनी त्यांना खांडव्याची हकीकत सांगितली. ह्यांनी सगळं ऐकलं, आजोबांना धर्मशाळेतली उन्हाची खोली दिली, संध्याकाळच्या टांग्यांचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्षिप्रेच्या घाटावर सगळे आंघोळीला उतरले होते तेव्हा आम्ही पायऱ्यांवर कपडे सांभाळत बसलो होतो.

"तार का केली नाहीस?"

"तुम्ही आला असतात."

"आलोच असतो."

"म्हणूनच."

हे नदीकडे बघत राहिले. "माणूस राहिला होता. माझ्या पार्टीतला."

"आणि परीक्षा कोणाची होती?"

"परीक्षा राहिल्याने कोणी मरत नाही."

"तेही मेले नाहीत," मी म्हणाले. शब्द कानाला वाईट लागले, पण मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने हे म्हणाले, "माझ्या पहिल्या पार्टीत मी मथुरेला एक सबंध कुटुंब विसरलो होतो. मालकांना अजून माहीत नाही." ते समजूत काढायला म्हणाले की मला गप्प करायला, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. पुढेही या एका गोष्टीवर आमचं कधी एकमत झालं नाही. ते म्हणत, तार करायला हवी होती. मी म्हणे, नाही.

हे तिसऱ्या वर्गात पास झाले. पुढच्या वर्षी फोर्टातल्या कचेरीत मुलाखत झाली. बाहेर येऊन मला म्हणाले, "अनुभवाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. खाजगी यात्रा कंपनी धरत नाहीत." पण डिग्री धरली, आणि जागा मिळाली. खुर्ची, पंखा, टेबलावर काच. लोक येत आणि विचारत, अजिंठ्याला कसं जायचं. हे सांगत. लोक जात. हे बसत.

महाराष्ट्र राज्य झालं तो मे महिना आमचा पहिला. गिरगावात तोरणं, गुढ्या, रात्रभर लेझमी. फणसवाडीत पेढे वाटले आणि हे घरी होते, माझ्या शेजारी गॅलरीत उभे. मला जे हवं होतं ते सगळं त्या रात्री होतं. मी चोरून त्यांच्याकडे बघत होते. रोषणाई उतरल्यावर उरलेला महिना सुरू झाला. संध्याकाळी कचेरीतून आले की गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारीण म्हणाली, "ह्यांचं काही हरवलंय का हो?" पेपर दोन मिनिटांत वाचून होई. भाजी कशी चिरायची ते मात्र त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांच्या पायांचा आवाज ऐकून माझंही वाचन होईना. सुट्टीत दोघंही घरात, आणि घरात कोणी टेकत नव्हतं.

एका शनिवारी मी म्हणाले, "आज प्रयागची पार्टी सुटते ना? जाऊन बघून या."

"कशाला उगाच," हे म्हणाले आणि चपला घातल्या.

रात्री कंपनीचा गडी निरोप घेऊन आला. नवीन मॅनेजरला फलाटावरच ताप भरला, मालकांना काही सुचेना, आणि दादा गाडीत चढले. अंगावरच्या कपड्यांनिशी. निरोप देऊन गडी थांबला, मी काय म्हणते ते बघत. मी त्याला पाणी दिलं. मला फार राग आला होता. दार लावलं, आडवी झाले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच मला लागलीच झोप लागली.

त्या दिवसांत माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. पूर्वी लोक म्हणत, दुसरं काही येत नाही म्हणून यात्रा कंपनीत आहे. ह्यांनाही आतून तसंच वाटत असावं. नाहीतर दोनदा सोडलेल्या परीक्षेचा फॉर्म माणूस तिसऱ्यांदा भरत नाही. आता तसं कोणाला म्हणता येणार नव्हतं. खुर्ची मिळाली होती आणि ते उठून गेले होते. भेटायला आलेल्या त्या दोन गृहस्थांना मला एवढंच सांगायचं असावं. पण माझ्या सुट्ट्यांचं काय, हे मात्र त्यात कुठे बसत नव्हतं. अजूनही बसत नाही.

पार्टी परत आली तेव्हा हे रापलेले, दाढी वाढलेली, हातात गंगेच्या पाण्याचा गडू. उंबऱ्यातच थांबले.

"कचेरीतून कोणी आलं होतं?"

"नाही."

"निरोप? चौकशी?"

"कोणीच नाही."

"इतके दिवस?" त्यांचा विश्वास बसेना. "माझ्या टेबलाशी कोण बसत होतं मग?"

"कोणी बसत नसेल."

ते आत आले, गडू देवापुढे ठेवला आणि पाटावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सोपं आहे."

मी काय ते समजले. शाळा उघडायला अजून अवकाश होता, आणि पुढे दिवाळी होती, त्यापुढे पुन्हा मे. मी कपाट उघडलं आणि राजीनाम्यासाठी त्यांना एक चांगला कोरा कागद काढून दिला.